पडद्यावरचा वाद्यवृंद आणि वर्गातली मुले

आपल्या खानदेशात काय किंवा तापीच्या मुखाशी वसलेल्या सुरतेत काय, 'बँड' म्हटले की अजूनही आधी लग्न आठवते. अंगात लाल अंगरखा, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, हातात क्लॅरोनेट किंवा ट्रम्पेट, पुढे ढोल-ताशा आणि मागे घरघरणारी जनरेटरची गाडी. वरातीत हा बँड दोन-तीन तास वाजतो, अख्ख्या गावाला नाचवतो. पण वाजवणाऱ्याचा चेहरा दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. आठवते ते गाडीवर रंगवलेले बँडचे नाव आणि त्याने वाजवलेली चाल. सुपारी देताना वऱ्हाडातल्या एखाद्या जाणत्याने 'क्लॅरोनेट कोण वाजवतो?' असे विचारलेच, तर ते त्याच्या फुंकीसाठी. त्याच्या रूपाशी कोणाला कर्तव्य नसते.

माझ्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींच्या तोंडी हाच शब्द येतो तेव्हा सारा क्रम उलटतो. त्यांना चेहरे आधी ठाऊक असतात. कोणाचा वाढदिवस कधी, कोण लाजाळू, कोण खोडकर, कोणाची कोणाशी गट्टी, हे सारे मुखोद्गत असते. गाणे त्यानंतर येते. कोरियातल्या 'बीटीएस' या सात तरुणांच्या गटाविषयी आमच्या काही मुली ज्या बिनचूकपणे बोलतात, तो बिनचूकपणा मला व्याकरणाच्या उत्तरपत्रिकेत क्वचितच आढळतो. यावर कपाळाला हात लावणे सोपे आहे. शिक्षकांच्या खोलीत तो रोज लावला जातो. परंतु भाषा शिकवणाऱ्या माणसाला पडायला हवा तो प्रश्न निराळा आहे. गाणे साडेतीन-चार मिनिटांचे. तेवढ्यात सात माणसांचे सात स्वभाव मुलांच्या मनात ठसतात कसे? ही ओळख करून देणारा कोण, आणि तो ती कोणत्या साधनांनी करून देतो?

हे साधन म्हणजे म्युझिक व्हिडिओ, गाण्याची चित्रफीत. कविता, कथा, नाटक यांची समीक्षा आपण करतो. या चित्रफितीला मात्र 'धांगडधिंगा' म्हणून दाराबाहेर ठेवतो. प्रस्तुत लेखात तिला दारातून आत घेऊन, एक रचना म्हणून, ती कशी बांधलेली असते ते पाहायचे आहे.

*

गटातल्या प्रत्येकाला एकेक स्वभाव वाटून द्यायचा, ही युक्ती चित्रफितीच्याही आधीची. १९६४ साली दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांनी बीटल्सना घेऊन 'अ हार्ड डेज नाइट' हा चित्रपट केला. त्यात चौघेही आपापल्या खऱ्या नावानेच वावरतात. लेनन तिरकस बोलतो, रिंगो रुसून एकटाच भटकायला निघतो. चित्रपट पाहून घरी जाणाऱ्या पोरांना चार गायक नव्हे, चार मित्र भेटल्यासारखे वाटे. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकेत याच्या पुढचे पाऊल पडले. एका वाद्यवृंदावरची दूरचित्रवाणी मालिका आधी ठरली, मग जाहिरात देऊन चार तरुण निवडले गेले आणि 'मंकीज' नावाचा बँड उभा राहिला. बँड आधी आणि त्याचे चित्र नंतर, हा क्रमच तेथे उलटा झाला. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाली आणि चोवीस तास अशी चित्रे दाखवणारे दुकान उघडले.

आपल्याकडे १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९४ मध्ये चॅनेल व्ही आणि १९९६ मध्ये एमटीव्हीची भारतीय वाहिनी दिसू लागली. केबलची तार सुरतेच्या चाळींतून एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेली. या वाहिन्यांचा व्यवहार सरळ होता. चित्रफितीचा खर्च कॅसेट काढणारी कंपनी करी. वाहिनीला कार्यक्रम मिळे, कंपनीला कॅसेट खपवायला जागा मिळे. तेव्हा चित्रफीत ही जन्मानेच जाहिरात आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मात्र जाहिरात म्हटल्यावर समीक्षा संपत नाही. उलट तेथूनच ती सुरू होते. कारण जाहिरात असूनही या चित्रफिती पंचवीस-तीस वर्षे लोकांच्या मनात टिकल्या आहेत, आणि जे टिकते त्याच्या मागे काही बांधणी असते.

येथे कोणी म्हणेल, कलावंताची प्रतिमा घडवणे यात नवे ते काय? आपल्या बालगंधर्वांचे उदाहरण समोर आहेच. 'मानापमान'मधली भामिनी (१९११), 'स्वयंवर'मधली रुक्मिणी (१९१६), 'एकच प्याला'मधली सिंधू (१९१९) यांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांच्यासारखे लुगडे नेसावे, त्यांच्यासारखा गजरा माळावा, अशी घरंदाज स्त्रियांची चढाओढ लागे. तरुणांच्या बीटीएस-वेडाला हसणाऱ्यांनी आपल्या आज्या-पणज्यांचे हे वेड विसरू नये.

पण एक फरक आहे, आणि या लेखाचा सारा भार त्या फरकावर आहे. रंगमंचावर सिंधू दिसे, तेव्हा ती नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषाने वठवलेली भूमिका आहे हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ठाऊक असे. भूमिकेचे नाव वेगळे, नटाचे नाव वेगळे. अंक संपला की पडदा पडे आणि तो पडदा प्रेक्षकाला बजावून सांगे की पाहिले ते नाटक होते. बँडच्या चित्रफितीत नट स्वतःचीच भूमिका करतो. नाव त्याचेच, चेहरा त्याचाच, मित्र त्याचेच, आणि तरीही जे दिसते ते कोणीतरी लिहिलेले, योजलेले, सजवलेले असते. भूमिका आणि माणूस यांच्यातला पडदाच काढून टाकलेला असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मग भूमिका हाच माणूस वाटू लागतो. चित्रफितीची सारी ताकद यात आहे, आणि तिचा धोकाही यातच आहे.

*

एक उदाहरण जवळून पाहू. १९८८ च्या सुमारास दिल्लीत वैद्यकीय शिक्षण घेणारे पलाश सेन आणि त्यांचे मित्र यांनी 'युफोरिया' हा बँड काढला. सुरुवातीला ही मंडळी इंग्रजी गाणी गात. पुढे हिंदीकडे वळली आणि आपल्या संगीताला 'हिंद रॉक' म्हणू लागली. १९९८ मध्ये त्यांचा 'धूम' हा संग्रह आला आणि 'धूम पिचक धूम' हे गाणे घरोघरी पोचले. संग्रह काढणारी कंपनी होती आर्चीज, म्हणजे शुभेच्छापत्रे विकणारी. हा तपशील मला फार बोलका वाटतो. जी कंपनी मैत्रीचे कार्ड विकत होती, तिनेच मित्रांचा बँड विकायला काढला.

या गाण्याची चित्रफीत प्रदीप सरकार यांची. ते मूळचे जाहिरातक्षेत्रातले. पुढे २००५ मध्ये त्यांनी 'परिणीता' हा चित्रपट केला. दिल्लीच्या महाविद्यालयीन तरुणांचा, गिटार-ड्रम वाजवणारा हा बँड त्यांनी कोठे नेला? बनारसला. घाटांवर, गल्ल्यांत, तिथल्या माणसांच्या गर्दीत. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर गायक हा आलंबन विभाव आणि बनारस हा उद्दीपन विभाव. रॉक म्हटले की परदेशी, चामड्याचे जाकीट घातलेले, आईबापांना न आवडणारे असे काहीतरी मनात येई. त्या संगीताभोवती सरकारांनी गंगा, घाट आणि गल्ली उभी केली, आणि ते एकदम घरचे झाले. नाद फार बदलला नाही. त्याचा पत्ता बदलला. पुढे या बँडच्या एका संग्रहाचे नावच 'गली' (२००३) होते, आणि गल्लीत बोलावणाऱ्या त्यातल्या गाण्याच्या चित्रफितीत तेव्हा फारशा माहीत नसलेल्या विद्या बालन होत्या. गल्ली हा या बँडचा मुखवटा होता, आणि तो त्याला शोभला.

आता प्रेक्षकाकडून पाहू. उधन्याच्या किंवा लिंबायतच्या चाळीत वाढणाऱ्या मराठी मुलाला १९९८ साली परदेशी वाहिनीवर प्रथमच स्वतःच्या गल्लीसारखी गल्ली दिसली. तिच्यातून गिटार घेऊन चालणारी, आपल्या थोरल्या भावाच्या वयाची मुले दिसली. 'आपणही असे चार-पाच जण असू शकतो' असे त्याला वाटले. चित्रफितीने त्याच्यासाठी एक जागा मोकळी ठेवली होती. चांगल्या बँडच्या चित्रफितीत ही मोकळी जागा नेहमी असते. चौघे असले तर पाचव्याची, पाच असले तर सहाव्याची. कॅमेरा त्या रिकाम्या जागेवर उभा राहून पाहतो, म्हणून पाहणाऱ्याला आपण गटातलेच एक आहोत असे वाटते.

तेव्हा या रचनेचे तीन घटक सांगता येतील. पहिला, प्रत्येकाला वाटून दिलेला एकेक स्वभाव. दुसरा, त्या सर्वांना एकत्र बांधणारे एक ठिकाण, मग ती गल्ली असो, वसतिगृह असो की समुद्रकिनारा. आणि तिसरा, पाहणाऱ्यासाठी राखलेली जागा. या तिहींतून जे उत्पन्न होते त्याला काव्यातला रस म्हणता येईल का? येथे मला अडचण दिसते. भट्टनायकाने साधारणीकरण सांगितले. काव्यातला भाव अमुक एकाचा राहत नाही, तो सर्वांचा होतो. दुष्यंताची रती ही रसिकाची खाजगी रती होत नाही. चित्रफीत याच्या नेमके उलट करते. ती म्हणते, हा लाजाळू मुलगा खास तुझा. पाचांपैकी तुझा कोणता, ते निवड. काव्य माणसाला स्वतःपलीकडे नेते, तर चित्रफीत त्याला मालकी देते. म्हणून तर मुली आपापसांत 'माझा तो' म्हणून भांडतात. शकुंतलेसाठी कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही.

सुरतेत राहणाऱ्याला हे कळायला फार लांब जावे लागत नाही. यंत्रमागावरून उतरते ते ग्रे कापड, मळकट, बिनरंगाचे. प्रोसेस हाउसमध्ये त्यावर रंग चढतो, छपाई होते. मग रिंग रोडच्या बाजारात ती साडी खोक्यात बसते आणि खोक्यावर, कॅटलॉगात, ती साडी नेसलेल्या तरुणीचे छायाचित्र येते. परगावचा व्यापारी छायाचित्र पाहून माल उचलतो. छायाचित्र खोटे नसते. साडी तीच असते. पण तो प्रकाश, ती हवेली, ते हसू खोक्यात येत नाही. हे या शहरातली लहान मुलेही जाणतात, कारण त्यांचे आईबाप हाच माल विणतात, दुमडतात, खोक्यात भरतात. साडीच्या बाबतीत जी शहाणीव त्यांच्या अंगी आहे, ती गाण्याच्या बाबतीत त्यांना कोणी दिलेली नाही. आणि कापडाची शेवटची परीक्षा छायाचित्रात होत नाही, धुण्यात होते.

*

पडदा शाबूत ठेवूनही चित्रफीत करता येते, आणि ती लोकांना आवडते, याचे उदाहरण गुजरातच्या अगदी जवळचे आहे. फाल्गुनी पाठक मुंबईच्या. पण त्यांच्या नवरात्रातल्या दांडियाने त्या गुजराती घराघरांत पोचल्या. 'याद पिया की आने लगी' (१९९८) आणि 'मैंने पायल है छनकाई' (१९९९) या त्यांच्या गाण्यांच्या चित्रफिती आठवून पाहाव्यात. त्यांत प्रेमात पडणारी नायिका निराळी असते. पहिल्या गाण्यात त्या वेळी अगदी लहान वयाच्या रिया सेन होत्या. फाल्गुनीताई आपल्या नेहमीच्या शर्ट-पँटमध्ये, आखूड केसांनी, कडेला उभ्या राहून गोष्ट सांगतात, हसतात, गोष्ट पुढे नेतात. आपल्या नाटकातला हा सूत्रधार आहे. पाहणाऱ्या मुलीला गोष्ट मिळते, पण सांगणारी वेगळी आणि नायिका वेगळी हे भान सुटत नाही. नायिका व्हायचे की सूत्रधार, हे ती मुलगी स्वतः ठरवू शकते. मुलीने लांब केस आणि घागरा याच रूपात गायले पाहिजे असे नाही, हेही त्या कडेला उभ्या असलेल्या बाईने एका पिढीला न बोलता शिकवले. २०२२ मध्ये 'मैंने पायल'चे नवे रूप बाजारात आले तेव्हा फाल्गुनीताईंनी नाराजी व्यक्त केली आणि लहानपणी ती चित्रफीत पाहिलेली, आता तिशी-चाळिशीत असलेली माणसे त्यांच्या बाजूने उभी राहिली. तो रंग धुण्यात टिकला होता.

याच्या दुसऱ्या टोकाला २००२ सालचा 'व्हिवा' हा गट आहे. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली 'पॉपस्टार्स' नावाचा कार्यक्रम निघाला होता. चाचण्या घ्यायच्या, मुली निवडायच्या, त्यांचा बँड बनवायचा आणि हे सारे बनवणेच प्रेक्षकांना दाखवायचे. चॅनेल व्हीने तो भारतात आणला. त्यातून प्रतिची महापात्रा, नेहा भसीन, सीमा रामचंदानी, अनुष्का मनचंदा आणि महुआ कामत या पाच जणींचा गट तयार झाला. गाणे येण्याआधीच देशाला त्यांचे रडणे, धास्तावणे, निवड झाल्यावर एकमेकींना मिठ्या मारणे ठाऊक झाले होते. रंगपट उघडा केला म्हणजे नाटक संपले असे आपल्याला वाटते. येथे रंगपटालाच रंगमंच केले होते. 'आम्ही तुमच्यापासून काही लपवत नाही' हाच सर्वांत प्रभावी मुखवटा ठरला. पुढच्या वर्षी याच मार्गाने 'आस्मा' हा गट निघाला. दोन्ही गट काही वर्षांतच विसर्जित झाले. टिकले ते काय? नेहा भसीन, अनुष्का मनचंदा आणि 'आस्मा'तल्या नीती मोहन पार्श्वगायनात पुढे आल्या, म्हणजे जेथे चेहरा दिसत नाही अशा ठिकाणी. पाच मैत्रिणींची प्रतिमा धुण्यात गेली, आवाज राहिला.

ही सारी जुनी गोष्ट झाली. चॅनेल व्ही भारतात २०१८ मध्ये बंद पडली. पण रंगपट हाच रंगमंच, हे सूत्र मात्र फोनवर येऊन सहस्रपटीने वाढले. बीटीएस २०१३ मध्ये सुरू झाली. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांचे 'डायनामाइट' आले तेव्हा ती चित्रफीत पहिल्या चोवीस तासांत दहा कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. परंतु चित्रफीत हा आता केवळ कळस आहे. खाली पाया म्हणून सरावाचे, जेवणाचे, झोपेतून उठण्याचे, रुसण्या-मनवण्याचे असंख्य तुकडे रात्रंदिवस येत असतात. पडदा कधी पडतच नाही.

याची बाजू समजून घेतली पाहिजे. सुरतेत कित्येक घरांत बाप बारा तासांच्या पाळीत मागावर आणि आई घरी साड्यांना टिकल्या-लेस लावण्याच्या कामात असते. खोली एक, माणसे सहा. अशा घरातल्या मुलीला कानात बोंडे घालून, स्वतःवर प्रेम करा असे सांगणारे सात थोरले भाऊ भेटत असतील तर त्यात तिचे काय चुकले? त्या गटाने २०१७ पासून युनिसेफबरोबर मुलांवरील हिंसेविरुद्ध मोहीम चालवली, हेही खरे. मुलीला मिळणारा दिलासा खरा आहे. त्या दिलाशामागे एक कंपनी, तिचे लेखक, दिग्दर्शक आणि हिशेबनीस आहेत, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येणे याचेच नाव शिक्षण.

*

ही प्रतिमा शाळेत काय करते, ते एका प्रसंगाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनात पाच मुलांनी 'ग्रुप' केला. कोण गंभीर, कोण मस्तीखोर, कोण 'लीडर' हे आधी ठरले. एकाने डोळ्यांवर केस आणले, एकाने हातमोजे घातले. गाणे कोणते, हे सर्वांत शेवटी ठरले. वर्गात सर्वांत चांगला आवाज ज्याचा, तो मुलगा त्या पाचांत नव्हता. तो पडद्यामागे माइक धरून गात होता आणि पुढे दुसराच ओठ हलवत होता. मी विचारले तेव्हा मुले अगदी निरागसपणे म्हणाली, "सर, तो गातो भारी, पण त्याचा लूक नाही ना." आणि पडद्यामागचा मुलगाही मान हलवून म्हणाला, "बरोबर आहे सर." त्या 'बरोबर आहे'ने मला अस्वस्थ केले. लग्नातल्या क्लॅरोनेटवाल्याला चेहरा नव्हता, पण त्याची फुंक नाकारण्याची कोणाची टाप नव्हती. येथे फुंक होती, आणि तरी ज्याची होती त्यालाच आपण समोर उभे राहण्याजोगे नाही असे पटले होते.

या पार्श्वभूमीवर आपल्या सीमाभागातल्या एका नव्या प्रकाराकडे पाहावे. २०१६ मध्ये फोनवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि पाहता पाहता अहिराणी गाण्यांच्या चित्रफितींचा पूर आला. खानदेशातल्या तरुणांनी, कोणत्याही मोठ्या कंपनीविना, शेतात, गावच्या गल्लीत, लग्नाच्या मांडवात त्या चित्रित केल्या. 'केसावर फुगे' आणि 'झुमकावाली पोर' ही गाणी तर खानदेश ओलांडून अवघ्या महाराष्ट्राच्या लग्नांत वाजली. 'केसावर फुगे'चा नायक कोण आहे? गळलेल्या केसांच्या बदल्यात फुगे देणारा फेरीवाला! आपल्या दारावरून रोज जाणारा, ज्याला आपण नावानेही ओळखत नाही असा माणूस. बनारसची गल्ली दिल्लीच्या बँडने उसनी घेतली होती. ही गल्ली मात्र त्याच गल्लीतल्या मुलांनी उभी केली. घरी अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी वापरणाऱ्या सुरतेच्या मुलाला आपली घरची बोली पडद्यावर ऐकू आली, याचे मोल मी कमी लेखणार नाही. आम्ही शाळेत ज्या बोलीला 'अशुद्ध' म्हणत आलो, तिला या गाण्यांनी मान दिला.

पण समीक्षकाने आपल्या माणसांनाही तोच गज लावायला हवा. यातल्या बहुतेक चित्रफितींत गाणारा एक आणि दिसणारा दुसरा असतो. प्रसिद्धी चेहऱ्याला मिळते, गायकाचे नाव खाली ओळीत राहते, आमच्या स्नेहसंमेलनासारखेच. शिवाय त्यांत दिसते ते बहुधा हिरवे शेत, नटलेली पोर, तिच्यामागे फिरणारा पोरगा. पोट भरण्यासाठी त्या शेतातून उठून सुरतेला आलेला माणूस, मागाचा खडखडाट, उधन्याच्या फलाटावरची दिवाळीची गर्दी यांतले फारसे काही त्यांत येत नाही. मुलाला बोली मिळाली, पण स्वतःचे चित्र अजून अर्धेच मिळाले आहे. उरलेले अर्धे कोण काढणार? हा प्रश्न मला बीटीएसपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

*

मग करायचे काय? बंदी घालून काही साधत नाही. बंदी घातलेली गोष्ट मुले पांघरुणात पाहतात. मला सुचलेला उपाय आमच्याच धंद्यातला आहे. कवितेचे रसग्रहण आपण शिकवतो, तसेच चित्रफितीचे शिकवावे. मी नववीच्या वर्गात ते करून पाहतो. एक चित्रफीत आधी आवाज बंद करून दाखवायची आणि काय दिसले ते पाच ओळींत लिहायला सांगायचे. मग फोन उलटा ठेवून तेच गाणे फक्त ऐकवायचे आणि काय ऐकले ते लिहायला सांगायचे. पहिल्या कागदावर 'मैत्री', 'मजा', 'भारी', 'क्यूट' असे शब्द येतात. दुसऱ्या कागदावर मुले प्रथम अडखळतात; मग 'ढोल', 'मागे बासरी आहे', 'एकच ओळ चार वेळा' असे लिहू लागतात. एका मुलीने लिहिले होते की डोळे मिटल्यावर पाचांपैकी कोणता आवाज कोणाचा हे मला सांगताच आले नाही. समीक्षेचे पहिले वाक्य तिने लिहिले, असे मी वर्गात म्हणालो.

त्यानंतर तीन साधे प्रश्न फळ्यावर लिहितो. या चित्रात गाणाऱ्याला कोणता स्वभाव दिला आहे आणि तो देणारा कोण? त्यांना ज्या ठिकाणी उभे केले आहे तेथून काय वगळले आहे? आणि तुझ्यासाठी ठेवलेल्या जागेवर बसायची तुझी किंमत काय, पैशात, वेळेत किंवा स्वतःविषयीच्या मतात? या प्रश्नांनी कोणाचे गाणे हिरावले जात नाही. ज्या मुलींनी ते सोडवले त्या अजूनही तीच गाणी ऐकतात. फरक एवढाच की आता त्यांच्या बोलण्यात 'तो असा आहे'च्या जागी क्वचित 'त्याला असा दाखवलाय' असे येते. या एका प्रयोगात सारे व्याकरण सामावले आहे.

बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला पडदा नाटक कंपनीने दिला होता. आजच्या प्रेक्षकाला तो कोणी देणार नाही, कारण पडदा न पाडण्यातच धंदा आहे. तेव्हा तो प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने पाडता आला पाहिजे, गाणे ऐकून झाल्यावर, त्याचा आनंद घेऊन झाल्यावर. आणि तो पाडता येऊ लागला म्हणजे पडद्यामागे माइक धरून उभा असलेला आपलाच एखादा मुलगाही त्यांना दिसू लागेल. ते शिकवणे आईबापांचे आणि शाळेचे काम आहे, आणि ते गाण्याला नावे ठेवून होणार नाही. मुलांच्या शेजारी बसून ते गाणे पुरते पाहावे लागेल.